सटवाजीच्या बॅटऱ्या

रॉकेलच्या पिंपाखालच्या फरशीवर जसा थर साचतो, तसे आमच्या दुकानात किस्से साचलेत. कुणी मुद्दाम आणून टाकत नाही. माणूस येतो, पायरीवर टेकतो, काही घेतो, काही बोलतो, निघून जातो. थर राहतो. शाळा सुटल्यापासून मी तो रोज पायाखाली तुडवतोय.

शाळा का सुटली तेही सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा कुणी विचारणार नाही. सातवीपर्यंत मी उर्दूत शिकलो. निजामाचं राज्य गेलं, आणि तेच मास्तर तीच छडी घेऊन मराठीत शिकवायला लागले. उर्दूत पहिला येणारा मी मराठीत नापास झालो. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "राज्य बदललं, पोरगं बदललं न्हाई. बस दुकानात."

पायरीवरचे लोक यावर अजून हसतात. म्हणून हा पहिला किस्सा धरा.

* * *

दुकान जिंतूरच्या बाजारात. कंदील, काचा, वाती, रॉकेल. मग बॅटऱ्या आल्या. आमच्याकडं टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्यात घालायच्या सेलला मसाला. बाहेरगावचा माणूस यात हमखास फसतो. एक नवा तलाठी "मसाला द्या" ऐकून म्हणाला होता, "हे दुकान किराण्याचंही आहे वाटतं."

पायरीवरचं कायमचं गिऱ्हाईक म्हणजे पेशकार. निजामाच्या कचेरीत साहेबापुढं कागद ठेवणारे पेशकार होते. राज्य गेलं, कचेरी गेली, शेरवानी आणि नाव तेवढं राहिलं. बॅटरी निवडायला ते अख्खी दुपार बसले. दोन जाड मसाल्यांची दाखवली. "खिसा लोंबतो." पितळी दाखवली. "चमकते फार, बाजारू वाटते." शेवटी फौंटनपेनाएवढी बारीक एक उचलली, खिशात अडकवली, आरशात पाहिली. "वा. ही चीज आहे."

मी म्हटलं, "पेशकारसाहेब, हिचा बारीक मसाला इथं मिळत नाही. परभणीहून कुणी आणला तर. खिसा पाहून घेऊ नका, मसाला पाहून घ्या."

"बरखुरदार," ते म्हणाले, "आम्ही कचेरी चालवली आहे."

पहिला मसाला संपला, दुसरा मिळाला नाही. एका संध्याकाळी साहेब गटारीत गेले. सकाळी लंगडत आले तेव्हा अण्णांनी विचारलं, "बॅटरी संगं न्हवती का?"

"होती ना. खिशात होती. छान दिसत होती."

यांनी राज्यही असंच चालवलं असणार.

* * *

पण दुसऱ्यांना हसण्याआधी घरचं सांगतो. अण्णा गिऱ्हाइकाला एक सल्ला देत. बॅटरीतले दोन्ही मसाले एकदम बदलू नका. एक जुना ठेवा, एक नवा घाला. "नवा गोऱ्हा कुणी नव्याबरोबर जुंपतं का? जुन्या बैलाच्या जोडीला घालायचा, मंग तो वळणावर येतो. मसाल्याचंबी तसंच हाय."

सगळा तालुका असं करायचा. बैल कळणाऱ्या माणसाला हे एका वाक्यात पटतं. आणि होतं काय? मेलेला मसाला नव्याला आठवड्यात पिऊन टाकतो, वर फुटून पाणी सोडतो आणि बॅटरी आतून हिरवी करतो.

मी एकदा दोन सारख्या बॅटऱ्या दुकानात लावून ठेवल्या. एकीत दोन्ही नवे, दुसरीत अण्णांची बैलजोडी. जेवणवेळेपर्यंत अण्णांची पिवळी पडली, दिवस मावळायच्या आत विझली. माझी जळतच होती.

अण्णांनी दोन्हीकडं पाहिलं. "तुझ्या बॅटरीचा बल्ब चांगला हाय," म्हणाले. "मी चांगलाच माल ठेवतो."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. अण्णाच्या दुकानातून खराब माल जात नाही. जिंतुरात लोक भांडणात याची शपथ घ्यायचे. आमच्या अण्णांनी आयुष्यात दुसरं काही कमावलं नाही, हे एकच कमावलं. आणि ते रोज फडक्यानं पुसायचे.

* * *

आता सटवाजी. जिंतूरच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वस्ती. मेंढरं राखणारं घर. थोरला भाऊ लिंबाजी, धाकटा सटवाजी. कळप दोघांचा, पण संध्याकाळी मेंढरं वाड्यात, म्हणजे काट्याच्या कुंपणात, घालताना तोंडाशी उभं राहून मोजायचा मान सटवाजीचा. त्यांच्यात मोजणारा तो कळपाचा धनी. बाकीचे राखणदार.

त्याच्यासारखी बॅटरी निवडणारा माणूस मी पाहिला नाही. त्यानं काखेत माझी उशी धरली, कोकरू म्हणून. एका हातात काठी. उरलेल्या हातात एकेक बॅटरी घेऊन अंगठ्यानं बटन सरकवून बघितलं.

"ही सरकत न्हाई. हिला दुसरा हात लागतो, तो मी कुठून आनू?" बाजूला. "हिची टोपी आट्याची न्हाई, पावसात पानी पिईल." बाजूला. एक लहान, दोन मसाल्यांची, कोपरीच्या खिशात बुडेल एवढी उरली. "ही माझी," म्हणाला, "बायकोवानी हाय. बारकी, पन बोलती लगेच."

पायरी हसली. तोही हसला. मला तो आवडला तो तेव्हाच.

पुढच्या बाजाराला परत आला. "उजेड कमी पडायलाय." मी दोन्ही मसाले नवे घातले. त्याच्या पुढच्या बाजाराला पुन्हा. "न्हाई रे मालक, पुरंना." मग तो मोठी घेऊन गेला. मग त्याच्याहून मोठी. पेशकार म्हणाले, "सटवाजी, तुझी बॅटरी वाढायला लागलीय. यंदा उजवून टाक." पायरी पुन्हा हसली.

सटवाजी हसला नाही. बॅटरी डोळ्यांजवळ नेऊन तो बल्बात बघत राहिला.

* * *

मग एक दिवस त्याची बायको पारू आली. पदरात काळा चिकटा झालेला मसाला. मसाला उतरला की आमच्या बाया तो चुलीच्या ऊबीला ठेवतात, थोडा जीव येतो. हिनं आरातच, निखाऱ्यांवरच ठेवला. फुटला, आणि तव्यावरच्या भाकरीवर उडाला.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. ह्यांनी ती भाकर तोंडात घातली. काळी झालेली दिसली न्हाई त्यांला."

मी हसणार होतो. तिच्या तोंडाकडं बघून थांबलो. अण्णा आत होते, पायरी रिकामी होती. ती हळू आवाजात बोलायला लागली.

"मसाल्यात काय न्हाई बघ, भाऊ. दिस बुडायला लागला की त्यांचं दिसनं बंद होतं. दिवसा कोस कोस लांबचा लांडगा दिसतो आन् सांजच्याला म्होरचं ताट न्हाई. बोकडाचं काळीज किती खाऊ घातलं. माझ्या सासऱ्याचं असंच झालं हुतं. भावांनी मोजनं काढून घेतलं आन् त्यांला गावात आनून बसवलं. माळावरचा मानूस, पारावर बसून मेला. ह्यांला त्याचीच धास्ती हाय. लिंबाजी दाजीला कळू देऊ नको. मोजनं गेलं तर ह्यो मानूस ऱ्हात न्हाई."

मी तिला नवे मसाले दिले. ते कशासाठी दिले, मलाही माहीत नाही.

* * *

अण्णांना सांगितलं. त्यांनी तराजू पुसणं थांबवलं नाही.

"गिऱ्हाईक मागतंय ते द्यायचं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यात आपन बघायचं न्हाई."

"त्याला तिसरी बॅटरी विकलीत तुम्ही. आंधळ्याला!"

"हळू बोल."

एवढंच. यांच्या पिढीला सगळ्यावर हेच एक औषध. रझाकार आले, हळू बोल. पोलीस ॲक्शन झाली, हळू बोल. पोराची शाळा बुडाली, हळू बोल.

मीच सटवाजीला मोटारीनं परभणीला नेला, सरकारी दवाखान्यात. तपासून एकटाच बाहेर आला तर हा खुशीत. मी विचारलं, काय म्हणाला डॉक्टर?

"डाक्टरनं डोळ्यात बॅटरी मारली. लय झ्याक बॅटरी. करंगळीएवढी. मी इचारलं, साहेब, ही कुठून घेतली, मसाला कोनता चालतो हिला?"

"ते सोड. डोळ्याचं काय?"

"डोळ्याचं म्हनला, वाढत जाईल. इलाज न्हाई." परतीच्या मोटारीत, अर्ध्या वाटेवर, म्हणाला, "पन तेवढ्या बारक्या बॅटरीचा केवढा उजेड, मालक. पार आतपतूर गेला."

* * *

आणि मग तो किस्सा झाला, जो जिंतुरात अजून सांगतात. सटवाजीनं वाड्यात घालताना लिंबाजीचा कुत्रा मेंढरू म्हणून मोजला. पाठीवरून हात फिरवला, "हं" म्हणाला आणि आत सोडला. त्याच संध्याकाळी एक गाभण मेंढी ओढ्यात राहिली. मोजणी बरोबर भरली, मेंढी लांडग्यानं नेली.

आमच्या पायरीवर लोक हा किस्सा कुत्र्यापाशीच संपवतात. मेंढीपर्यंत कुणी येत नाही. पेशकार तर कुत्र्याचं तोंडही करून दाखवायचे. "हुजूर, मी हजर आहे, गिनती में ले लो." लोक पोट धरून हसायचे.

लिंबाजी त्या वेळी समोरच्या दुकानात पेंड घेत होता. तो हसला नाही.

* * *

शेवटचं सांगतो.

लिंबाजी आला तो नेमका दिवेलागणीला. दिवसा येता आलं असतं त्याला. सटवाजी मागं होता, खांद्यावर घोंगडं. पायरी भरलेली होती. दुकानातला कंदील लावायचा राहिला होता, मी काच पुसत होतो.

लिंबाजीनं ती मोठी बॅटरी काउंटरवर ठेवली.

"सावजी," तो अण्णांना म्हणाला, "ह्यो म्हनतो बॅटरी खराब हाय, म्हून मोजनी चुकली. माझ्या मनात दुसरंच हाय. तुमच्या दुकानातून खराब माल जात न्हाई, सगळ्या जिंतुराला म्हाईत हाय. तुमी सांगा. बॅटरी खराब, का ह्याचे डोळे? तुमी म्हनाल ते खरं. उद्यापासून मोजनं कुनाचं, ते त्याच्यावरच."

पेशकारांचं पान चघळणं थांबलं.

अण्णांनी बॅटरी उचलली. अंगठ्यानं बटन सरकवलं. उजेडाचा झोत मागच्या फळीवर गेला आणि तिथल्या सगळ्या कंदिलाच्या काचा एकदम चमकल्या. अण्णांनी ती बंद केली. पुन्हा लावली. पुन्हा तशीच लख्ख लागली. हलवून पाहिली, आपटून पाहिली. झोत जरासुद्धा लवला नाही.

"माल खराब हाय," अण्णा म्हणाले.

बॅटरी त्यांच्या हातात जळत होती.

"सावजी, लागलीय की ती," लिंबाजी म्हणाला.

"हितं लागलीय. वाड्यावर लागत न्हाई. हा गठ्ठाच खराब आला हुता. मला म्हाईत हुतं, तरी मी इकला."

"अण्णा—" पेशकार म्हणाले.

"खराब हुता," अण्णा म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

लिंबाजीनं अण्णांकडं पाहिलं. मग म्हणाला, "मंग बदलून द्या."

मी नवी काढली, मसाले घातले, पुढं केली. सटवाजीनं हात पुढं केला होता, पण तो बॅटरीच्या जरा बाजूला. लिंबाजीनं ती घेतली.

"चल, सटवा. आता मोजायला दोघं जात जाऊ."

एवढं बोलून लिंबाजी पायरी उतरला, रस्ता ओलांडून गाडीपाशी गेला आणि वळून उभा राहिला. हातातली बॅटरी त्यानं लावली नाही.

सटवाजी जागचा हलला नव्हता. आमच्या दुकानाच्या लाकडी खांबाकडं तोंड करून, आवाज खाली घेऊन, त्यानं भावाला विचारलं,

"दोघं जाऊ, पन मोजायचं कुनी, दादा?"