पावलोवा कापण्याआधी

ताईच्या वाढदिवसाला ती करायची तो पावलोवा केक करायचाच, हे मी आईला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. ताईला जाऊन वर्षही झालं नव्हतं.

“वर्षाच्या आत घरात गोड? काहून करून राहिली तू हे?”

“तिच्या ऑफिसातल्या येतील. दरवर्षी येतात.”

“मग चहा दे त्यांना.”

मी वाद घातला नाही. गॅलरीतून अंड्यांसाठी वेगळं ठेवलेलं पातेलं आणलं. आमच्याकडे ते आत ठेवत नाहीत. गॅलरीपर्यंत तरी ते ताईच्याच हट्टाने पोचलं होतं.

करायला फार अवघड नाही. अंड्यांचा पांढरा भाग फेसायचा, चमचाचमचा साखर घालायची, मंद आचेवर भाजायचं आणि बंद ओव्हनमध्येच गार होऊ द्यायचं. मध्ये उघडून बघायचं नाही. तेवढा धीर माझ्यात आहे. धास्ती वेगळीच होती. ताई सुरी हातात घेऊन आधी त्या नावाची गोष्ट सांगायची, मगच कापायची. मी मागे बशा पुसत ऐकायचे. चार माणसांत माझा आवाज निघत नाही. पण गोष्ट न सांगता कापला असता, तर तो कुठलाही केक झाला असता.

संध्याकाळी खमरियाच्या तिच्या ऑफिसातून दोघी मैत्रिणी आल्या. पावलोवाचं कवच एका बाजूला तडकलं होतं. मी त्यावर फेटलेलं क्रीम आणि सोललेल्या संत्र्याच्या फोडी मांडल्या. सुरी उचलली आणि सगळ्या माझ्याकडे वळल्या.

“एक रशियन नर्तकी होती...”

“जोर से बोलो ना, दीदी,” एक मैत्रीण म्हणाली.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. ती नर्तकी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला नाचायला गेली होती. तिच्या पांढऱ्या, फुललेल्या झग्यासारखा हा पदार्थ कोणीतरी केला आणि त्याला तिचंच नाव दिलं. ती नर्तकी जाऊन आता खूप वर्षं झाली. पहिल्यांदा तो कोणी केला, यावरून दोन्ही देश अजून भांडतात.

“मग खरं कोणाचं?”

हे आईने विचारलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दरवर्षी तीच विचारायची आणि ताई म्हणायची, “आधी खा.” ते वाक्य माझ्या तोंडी आलं नाही.

“माहीत नाही, आई. वाचून पुढच्या वर्षी सांगते.”

“पुढच्या वर्षी पण करणार?”

“हो.”

आईने बशी पुढे केली.

“मला नुसती संत्र्याची फोड दे. ते अंड्याचं नको.”

मी फोड दिली. फोडीला लागलेलं क्रीम आईने पुसलं नाही.