अम्माची खूण

चेन्नईत माझ्याकडे राहायला आलेली आई स्टेशनवरच्या गर्दीत हरवली. तिला तमिळ येत नाही, आणि हल्ली घरचा पत्ताही आठवत नाही. चौकीतल्या पोलीसबाईंनी ओळखीची खूण विचारली. मी म्हटलं, "गव्हाळ वर्ण, मध्यम उंची, हिरवी साडी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "अशा अम्मा इथे शंभर आहेत, सार. तुमची अम्मा करते काय, ते सांगा."

हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हणालो, "उलटी पडलेली चप्पल दिसली की सरळ करते. कुणाचीही असो."

बाई उठल्या आणि थेट समोरच्या देवळाकडे निघाल्या. बाहेर चपलांचा ढीग होता आणि त्याच्या कडेला आई बसली होती. निम्म्या चपला तिनं जोडीनं लावल्याही होत्या.

कडक इस्त्रीच्या गणवेशात बाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि उरलेल्या लावू लागल्या. ढीग संपल्यावरच म्हणाल्या, "चला, अम्मा."

त्यांचं नाव विचारायचं राहिलं. चेहराही आता धड आठवत नाही. पण कुणी विचारलंच, तर त्यांची खूण मला सांगता येईल.