चौथीच्या बाई आणि सूर्यचूल

परवा शेजाऱ्यांनी गच्चीच्या कठड्याला काळा रंग दिला आणि उन्हात तो तापल्यावर जो उग्र वास सुटला, त्यानं मला घाटकोपरच्या एका शाळेच्या गच्चीवर नेलं. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला मी शाळाशाळांतून शिक्षकांना सूर्यचूल शिकवत फिरायचे, म्हणजे पुढे त्यांनी ती वर्गात मुलांच्या हाती द्यावी. राहायचे बोरिवलीत, भाड्याच्या खोलीत, एकटी. त्या शनिवारी सकाळी शिक्षकांनी हौसेनं डाळ-तांदूळ धुऊन काळा रंग दिलेल्या डब्यांत भरले, डबे चुलीच्या पेटीत ठेवले, झाकणाचा आरसा उन्हाकडे वळवला. पण अर्ध्या दिवसाची शाळा सुटली, तसे "शिजलं तर सांगा हां मॅडम," म्हणत सगळे घरी पळाले. शिजलेलं कुणी बघितलंच नाही, तर वर्गात करणार कोण? मी हिरमुसून बसले. मागे राहिल्या फक्त चौथीच्या बाई, वयानं माझ्या आईएवढ्या. "मी थांबते गं. माझी तरी घरी कोण वाट बघतंय?" पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून आम्ही दोघी ऊन सरकेल तशी पेटी फिरवत राहिलो. दुपारी झाकण उघडलं, तर खिचडी मऊ शिजलेली. पहिला घास घेऊन बाई हसल्या, "आयतं जेवले, किती वर्षांनी!" मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "आता जमलं मला. सोमवारी पोरांकडून करून घेते. तू नको एवढ्या लांबून येऊस." माझं काम फत्ते झालं होतं. तरी बसस्टॉपवर उभी असताना वाटत राहिलं, त्यांनी 'ये' म्हणायला हवं होतं. त्या सोमवारी मुलांनी काय शिजवलं असेल, हे मी अजूनही कधीकधी मनाशी ठरवत बसते.