लगतधारकांस सस्नेह निमंत्रण

माझ्या भाचीच्या लग्नाला आमचे झाडून सगळे नातेवाईक हजर राहिले, आणि ते सगळे कायद्याच्या भीतीने आले होते.

हा पराक्रम माझा. मी जळगावात जमीनमोजणीच्या कार्यालयात लिपिक आहे. कुणी आपलं शेत मोजायचा अर्ज केला, की त्याच्या आजूबाजूच्या शेतवाल्यांना, म्हणजे आमच्या भाषेत लगतधारकांना, नोटीस पाठवणं हे माझं काम. पूर्वी नोटिसा हाताने लिहायचो, आता कॉम्प्युटरवर. एका रकान्यात नावं आणि मोबाइल नंबर भरायचे, खाली मजकूर टाकायचा आणि बटण दाबायचं. प्रत्येकाला त्याच्या नावानिशी मेसेज! हे ऑफिसात फक्त मलाच जमतं, त्यामुळे माझी मान थोडी ताठ झाली होती. (थोडी म्हणजे, घरात मिक्सर बिघडला तरी मी "थांबा, सेटिंग बघते" म्हणायचे.)

अशातच धुळ्याहून धाकट्या भावाचा, संजयचा फोन आला.

"अक्का, प्रज्ञाच्या पत्रिका छापून आल्या, पण आता घरोघरी जायला वेळच नाही. ग्रुपवर टाकून देऊ का?"

"ग्रुपवर? आबांना तू ग्रुपवर बोलावणार?"

आबा म्हणजे आमचे काका. अमळनेरजवळच्या आमच्या गावी त्यांची शेती आहे, संजयच्या शेताला अगदी लागून. संजयने नवं घर बांधलं तेव्हा गृहप्रवेशाचं बोलावणं घराण्याच्या ग्रुपवर टाकलं होतं. "माले कोणी नाव लिसन बलावं नही," मला कुणी नाव घेऊन बोलावलं नाही, एवढं एक वाक्य अहिराणीत बोलून आबा जे रुसले, ते त्यानंतर संजयच्या दारात फिरकले नाहीत. आमच्यात ग्रुपवर टाकलेलं निमंत्रण हे निमंत्रण धरत नाहीत. ती नुसती बातमी असते.

"तू निर्धास्त राहा," मी संजयला म्हणाले. "प्रत्येकाला नाव घालून मेसेज जाईल. आबांना तर सगळ्यात आधी. माझ्यावर सोड!"

आमचे हे शेजारी बसून शेंगा सोलत होते. "ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून पाठवणार?"

"मग काय झालं?"

"साहेबांना विचारलंस?"

"इतक्याशा गोष्टीला काय विचारायचं!" मी म्हणाले. (हे वाक्य पुढे मला लेखी खुलाशात लिहावं लागलं.)

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले, आणि मी कॉम्प्युटर उघडून बसले. अर्जदार म्हणून संजयचं नाव टाकलं. लगतधारकांच्या रकान्यात सगळे काका, मामा, आत्या, मावश्या, आणि हौसेने नवऱ्या मुलाकडची मंडळीसुद्धा भरली. मोजणीचं ठिकाण म्हणून धुळ्याचं मंगल कार्यालय. मेसेजवर आमच्या कार्यालयाचं नाव येतं हे मला ठाऊक होतं. खरं सांगते, मला वाटलं, ते चांगलंच दिसेल! बटण दाबलं आणि तृप्त मनाने डबा उघडला.

पहिला फोन यांचा आला. स्वतःच्या नवऱ्यालाही मी नावानिशी बोलावलं होतं.

"अगं, हे काय पाठवलंयस?"

"निमंत्रण. वाचता येत नाही का?"

"येतं ना. ऐक. 'जयभीम. आमची कन्या प्रज्ञा हिच्या मंगल परिणयास आपण सहकुटुंब यावे. सदर ठिकाणी सातबारा उतारा व ओळखपत्रासह समक्ष हजर राहावे. आपण गैरहजर राहिल्यास काम आपल्या गैरहजेरीत पूर्ण करण्यात येईल व नंतर आपली कोणतीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.'" मग हे म्हणाले, "सहकुटुंब येतो मी, पण आपल्याकडे सातबारा कुठाय?"

माझ्या हातातला घास हातातच राहिला. शेवटची दोन वाक्यं कॉम्प्युटर प्रत्येक मेसेजखाली आपणहून जोडतो. इतकी वर्षं मी नोटिसा पाठवतेय, पण मला स्वतःला कधी एकही आली नव्हती, मग खाली काय जातं ते दिसणार कुठून?

तेवढ्यात संजयचा फोन. "अक्का, व्याही विचारतायत, काम गैरहजेरीत पूर्ण करणार म्हणजे काय? नवरा मुलगा नाही आला तरी लग्न लावणार का?"

"त्यांना सांग, चुकून गेलं. मी आत्ता दुरुस्ती पाठवते!"

इथे खरं म्हणजे मी खुर्चीवरून उठून सरळ घरी जायला हवं होतं. पण ताठ मानेला खाली बघायची सवय नसते. मी घाईघाईने टाइप केलं, 'आधीच्या मेसेजबद्दल क्षमस्व. कृपया फक्त लग्नास यावे.' आणि बटण दाबलं. बटण दाबल्यावर आठवलं. याही मेसेजखाली तीच दोन वाक्यं गेली होती. आता प्रत्येक नातेवाइकाकडे दोन नोटिसा झाल्या, आणि आमच्या भागात दुसरी नोटीस आली म्हणजे माणूस वकील गाठतो.

आबांनी वकील गाठला नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने थेट आमच्या ऑफिसात आले. पांढरा कडक इस्त्रीचा सदरा, काखेत कागदांची पिशवी. मी कपाटाआड होते, त्यामुळे त्यांना दिसले नाही. ते तरातरा बाहेर हॉलमध्ये उभ्या साहेबांपाशी गेले आणि त्यांनी मोबाइल पुढे धरला.

साहेबांनी मेसेज वाचला. मग पुन्हा वाचला. "आजोबा, धुळ्याच्या मंगल कार्यालयात जमीन कशी मोजणार?"

"ते माले काय इचारतस, साहेब? तुमना हापिसनी नोटीस शे!"

"पण यात तर लग्नाचं..."

"माले बठ्ठं समजस! संजूनी अर्ज करा ना? त्याना बांध मी जरासा सरकाया, कबूल शे. बठ्ठा गावले माहीत शे. पण पोरना लगीनमा चार लोकेसमोर मोजानं कसाले? मी आपला गपचूप मांगे लई लेस!"

बांध गपचूप मागे घेतो म्हणत आबांनी हात जोडले. संजयचा बांध त्यांनी कोरलाय हे आम्हा भावंडांना माहीत होतं, पण नात्यात कडवटपणा नको म्हणून कुणी बोललं नव्हतं. आणि आता माझ्यामुळे तो म्हातारा माणूस, परक्या ऑफिसात, माझ्या साहेबांपुढे हात जोडून उभा होता. मला वाटलं, कपाट उघडावं, आत शिरावं आणि आतून कडी लावून घ्यावी.

साहेबांनी मान वर केली. "हा मेसेज कुणी पाठवला?"

कॉम्प्युटरने आपोआप पाठवला असं म्हणता आलं असतं. पण सगळं ऑफिस माझ्याकडेच बघत होतं, कारण हे फक्त मलाच जमतं हे मीच सगळ्यांना येता-जाता ऐकवलं होतं.

"मी," मी म्हणाले. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

"अक्का?" आबा वळले. "तू मोजस आमनी जमीन?"

"नाही हो आबा! लग्नाला बोलावलंय तुम्हाला, नाव घालून!"

आबा खुर्चीवर मटकन बसले. साहेबांनी त्यांना पाणी दिलं, समजूत घालून रवाना केलं आणि मला आत बोलावलं. साहेब माझ्या मुलाच्या वयाचे. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू बोलले.

"मॅडम, परवानगी न घेता सरकारी कॉम्प्युटर घरच्या कामाला वापरणं साधी गोष्ट नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा लागतो. हेतू वाईट दिसला तर कैदसुद्धा होऊ शकते."

"सर, हेतू लग्नाचा होता."

"ते खुलाशात लिहा."

"नोकरी जाईल का हो माझी?" माझी निवृत्ती जवळ आली होती, आणि पेन्शनच्या भरवशावर पिंप्राळ्यातल्या आमच्या घराला दोन खोल्या वाढवायचं आम्ही ठरवलं होतं.

"ते चौकशीत ठरेल. आणि कॉम्प्युटरमधली ती नोंद काढू नका. पुरावा आहे."

मग लग्न झालं. सगळे आले! एकही जण गैरहजर राहिला नाही. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील सुरू केलं तेव्हा अर्ध्या मंडपाच्या काखेत प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. एका मावसभावाने तर सातबारा लॅमिनेट करून आणला होता. ("तू सरकारी माणूस, अक्का. तुझा भरवसा नाही.") आबा पहिल्या रांगेत बसले. संजय वाकून त्यांच्या पाया पडला, आबांनी त्याला पोटाशी धरलं, आणि दोघंही रडले. वरण-बट्टीच्या पंगतीत बांधाचा विषय दोन मिनिटांत मिटला.

मी मात्र ताटापुढे नुसती बसून होते. जो तो येऊन म्हणत होता, "अक्का, नोटीस काय भारी होती!" मी हसत होते आणि आत मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं. कैद, नोकरी, पेन्शन हे तिन्ही शब्द माझ्याच ताटात वाढलेले होते.

सोमवारी साहेबांनी बोलावलं. "मॅडम, तुम्हाला कारणे दाखवा नोटीस काढायचीय. चौकशीची तारीख घालून."

"बरं, सर."

"टाइप करा."

"मी?"

"ऑफिसात दुसऱ्या कुणाला जमतं?"

मी कॉम्प्युटरपुढे बसले आणि चाळीत नव्याने राहायला आलेल्या बाईने नळावर विचारावं तशा आवाजात विचारलं, "सर, वापरू ना?"

"वापरा. परवानगी आहे. आणि त्याच नोंदीखाली टाका, म्हणजे प्रकरण एकत्र राहील."

मी टाइप केलं. 'सदर महिला कर्मचाऱ्याने कार्यालयीन संगणकाचा विनापरवानगी वापर केला...' डोळ्यांतलं पाणी पुसायला एक हात आणि टाइप करायला दुसरा. रकान्यात स्वतःचं नाव सगळ्यांच्या शेवटी घातलं, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

चौकशीच्या दिवशी मी वेळेआधी पोचले. साहेबांच्या दाराशी आबा बसले होते. त्यांच्याशेजारी संजय, त्याच्यामागे मामा, दोन्ही मावश्या, नवी जोडी, व्याही, आणि लॅमिनेशनवाला मावसभाऊ. जिन्यापर्यंत रांग होती.

"तुम्ही सगळे इथे कसे?" मी विचारलं.

"माले नोटीस उनी," आबा म्हणाले, आणि साहेब दिसताच उठून उभे राहिले. "साहेब, इना हातनं चूक व्हयनी, खरं शे. पण इतला वरीसमा माले नाव लिसन बलावनारी ही एकलीच शे. इले कामवरतून काढू नका."

साहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. ऐकून घेणं भाग होतं, सगळे कागदपत्रांसह समक्ष हजर होते. वाईट हेतू दिसत नाही असं त्यांनी लिहिलं, माझी एक वेतनवाढ रोखली, लेखी ताकीद दिली आणि नोकरी ठेवली. मी घराण्यासमोर मान खाली घालून सही केली. मग साहेबांनी पेन ठेवलं आणि जिन्यापर्यंतच्या रांगेकडे बघितलं.

"मॅडम, एवढं एकच सांगा. तुमची खासगी नोटीस या सगळ्यांना कुणी पाठवली?"

"मीच, सर," मी म्हणाले. "पण या वेळी परवानगी घेऊन."