खंडेनवमीचा खोळंबा

“ओ फटफटीवाले, थांबा की! तुमचं मागलं चाक निराळ्याच गावाला चाललंय!”

जळकोटच्या अलीकडं, हमरस्त्याच्या कडेला घागर घेऊन उभी असलेली एक बाई ओरडत होती. मी काही थांबणार नव्हतो. माझी फटफटी त्या वेळी वाऱ्याच्या एक शेत पुढं होती आणि आवाज असा, की लोहाऱ्यात चालू केली तर भूमच्या बाजारात बैलं बुजायची. पण मागं बसलेल्या आत्यानं पाठीत बुक्की घातली म्हणून थांबलो. उतरून मागचं चाक धरलं, तर ते हलणाऱ्या दातासारखं दोन्ही अंगाला डुलत होतं. मागचं चाक एका लोखंडी चिमट्यात बसतं आणि तो चिमटा पुढच्या टोकाला एका आडव्या दांड्यावर वरखाली झुलतो. त्या दांड्यावरचे बुश, म्हणजे पितळेचे आखूड नळे, झिजून कागद झाले होते. वळणावर गाडीचं शेपूट हलतंय हे मला कधीपासून कळत होतं. लोकांना मात्र मी सांगायचो, जातिवंत घोडी अशीच चालते.

संयुक्त महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आत्या तरुणपणीच विधवा होऊन आमच्या घरी परत आलेली, मला तिनंच वाढवलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी तिचे डोळे तपासले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, काचबिंदू आहे, पुढच्या दसऱ्यापर्यंत नजर राहील असं वाटत नाही. देवावर माझा भरवसा तसा बेताचाच, त्या दिवशी होता तोही आटला. घरी आल्यावर विचारलं, आत्या, काय बघायचंय सांग. समुद्र म्हणालीस तर समुद्र इथं आणतो. ती म्हणाली, “गाभाऱ्यात बसलेली देवी लई बार बघितली. ती दाराबाहेर येती न्हवं, तेवढं बघायचंय.” तुळजापूरला दसऱ्याच्या पहाटे भवानीचं सीमोल्लंघन होतं. प्रत्यक्ष मूर्ती सिंहासनावरून हलवतात, लुगड्यांत गुंडाळून पालखीत ठेवतात आणि प्रदक्षिणा घालतात. वर्षातून ती एकच पहाट. नवरात्रात एस.टी.त मुंगी शिरेना, म्हणून मी फटफटीला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं आणि आत्याला मागं बसवून आदल्या सकाळीच निघालो. देवावर नसला तरी गाडीवर माझा पुरा भरवसा होता.

त्या बाईचा नवरा मिस्त्री निघाला. शेतकऱ्यांची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा, घराला लागूनच दुकान आणि दुकानात लोखंड कातायची लेथ. मला वाटलं, काम फत्ते. आत जाऊन बघतो तर लेथ धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, हार घालून बसवलेली. तिच्या पायाशी पाने, हातोड्या, कानशी ओळीनं मांडलेल्या आणि पुढं उदबत्ती. खंडेनवमी होती. मिस्त्री हात धुऊन जेवायला बसायच्या तयारीत होता.

“आज हत्यार उचलायचं न्हाय,” तो म्हणाला. “उद्या पूजा उतरली की पयलं काम तुमचं.”

मी मग माझं हत्यार बाहेर काढलं, म्हणजे तोंड. सांगितलं की आमची आत्या साधीसुधी बाई नव्हे, तिचा हात लागल्याबिगर देवीची पालखी जागची हलत नाही, सगळं तुळजापूर खोळंबून राहील.

“मग थांबल की पालखी उद्यापतूर,” मिस्त्री म्हणाला. तेवढ्यात त्याची नजर हँडलवरच्या हाराकडं गेली. “गाडी पूजेला लावली आन तिच्यावरच बसून आलात व्हय? कमाल हाय तुमची.”

त्याची बायको आमच्या बाजूनं होती. “बुशच तर करायचेत. म्हातारी वाट बघायलीया.”

“गिऱ्हाईक तू आणायचं आन देवापुढं उभं मी ऱ्हायचं का?”

मी आणखी चार थापा मारणार होतो, पण आत्या तोवर आत जाऊन त्यांच्या घटापुढं बसलीही होती. “ऱ्हाऊ दे बाबा,” ती म्हणाली. “त्येंचं बरोबर हाय.” मला तिचा राग आला. हमरस्त्यावर जाऊन मी अंधार पडेपर्यंत हात हलवत उभा राहिलो. बस भरलेल्या, ट्रक घाईतले. हात इतका हलवला की शेतातली पाखरं उडून गेली, पण एकही गाडी थांबली नाही. परत आलो तेव्हा आत्या मिस्त्रीच्या बायकोबरोबर आरती म्हणत होती. मी मनातल्या मनात देवीशी भांडत होतो. एवढं काय मागितलं होतं गं तुझ्याकडं?

पहाट तिथंच उजाडली. तुळजापुरात पालखी निघाली असेल तेव्हा आम्ही जळकोटात चहा पीत होतो. मिस्त्रीनं पूजा उतरवली, इंजिन चालू केलं, लेथचा पट्टा फिरू लागला. मग त्यानं चिमट्याचा दांडा ठोकून बाहेर काढला. दांडा अर्धाच बाहेर आला. दुसरा अर्धा आतच राहिला होता. आतून तो फार दिवसांपासून तडकलेला, तड्यात गंज भरलेला, नखाएवढ्या जागेवर धरून होता. मिस्त्रीनं तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. “नळदुर्गच्या उतारावर सुटला असता,” एवढंच म्हणाला. मग नवा दांडा केला, त्याच्या मापाचे बुश कातून बसवले, ग्रीस भरलं. दुपारी निघालो तेव्हा गाडी सुतात चालत होती. वाटेत मी एक अक्षर बोललो नाही. माझ्या आयुष्यात हे एकदाच घडलं आहे.

लोक म्हणतात, त्या बाईच्या तोंडून देवीनंच हाक मारली. मी वाद घालत नाही. मी सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींतलं अर्धं सोडून द्या म्हणतो, यातलं काही सोडवत नाही. त्या बाईचे आणि मिस्त्रीचे उपकार मोठे. तरी मन हळहळतं ते हळहळतंच. पुढच्या दसऱ्याला मी आत्याला पुन्हा घेऊन गेलो. पालखी आमच्या समोरून गेली. संबळ, गर्दी, कुंकवाचा सडा. आणि आत्या हात जोडून भलत्याच दिशेला तोंड करून उभी. मी खांदे धरून तिला वळवलं, तोवर पालखी पुढं गेली होती. काय द्यायचं आणि काय ठेवून घ्यायचं हे देणाऱ्यावर सोडावं, एवढं मला समजलं आहे. समजलं म्हणजे पचलं असं नाही.

पहिल्या खेपेला जळकोटाहून आम्ही तुळजापुरात पोचलो त्या दुपारी देऊळ बरंच रिकामं होतं. सीमोल्लंघन झालं की देवीला पलंगावर निजवतात, ती थेट पौर्णिमेला उठते. आत्या उंबऱ्याशी पुढं झुकून बघत राहिली. तिच्या अधू नजरेला पलंग तरी दिसला का, कोण जाणे. माझा आवाज देवळातसुद्धा काही लहान होत नाही. सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं मी म्हणालो, “आत्या, चुकामूक झाली गं. ती बाहेर आली आन आपण तिकडंच अडकलो. मी तुला आणलं न्हाय वेळेवर.”

आत्यानं मागं न बघता माझ्या हातावर चापट मारली.

“हळू बोल. निजलीया ती.”