बांधी नावाचा थांबा

आमच्याकडे धानाच्या शेतातल्या तुकड्याला बांधी म्हणतात. चारही बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा बांध, मध्ये पाणी, पाण्यात धान. एवढं सविस्तर सांगतोय, कारण गोंदियाभोवतीच्या गावांचा वाहतूक आराखडा ज्यांनी केला त्यांना हे कुणी सांगितलं नाही. विचारावं असं त्यांनाही वाटलं नसावं.

आमची वस्ती मुर्रीच्या पलीकडे. आईचे गुडघे गेले तेव्हापासून तिचं एकच मागणं होतं, शहराची बस दारापर्यंत यावी. आराखड्याचे साहेब आले, गाडीत बसूनच गाव पाहिलं, चहा तेवढा उतरून घेतला. आम्ही खूश. मग ग्रामपंचायतीत नकाशा लागला. जुन्या नोंदींत जिथे जिथे 'बांधी' होतं, तिथे साहेबांनी 'बांधीव' वाचलं होतं. उरलेलं सगळं शेत धरलं. त्यामुळे आमच्या घरांवर शेतीचा हिरवा रंग आणि आईच्या शेताभोवती दाट लोकवस्ती. जिथे लोकवस्ती तिथे थांबा, हे तर शास्त्रच आहे. बेडकांची सोय झाली.

आम्ही हरकत घेतली. सुनावणीत आई स्वतः बोलली, तिथे माणसं राहत नाहीत, धान राहतो म्हणाली. अधिकाऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि नकाशावर बोट ठेवलं.

"बस्ती आज नहीं है, तो कल हो जाएगी."

गृहस्थ शब्दाचा पक्का निघाला. मुरूम टाकून उंच रस्ता झाला, तो नेमका आमची बोडी आणि शेत यांच्या मधून. बोडी म्हणजे छोटा तलाव. तिच्याच पाण्यावर आमचा रोवणा, म्हणजे धानाची लावणी, व्हायचा. रस्त्याखालून पाण्यासाठी एक पाइप टाका म्हणालो, तर उत्तर मिळालं की बांधीव क्षेत्रात सिंचनाची तरतूद नसते. बरोबरच आहे. घरात कोण रोवणा करतं?

पाणी थांबलं. शेजारच्या बांध्या भेगाळल्या आणि त्यांत पाट्या उगवल्या, 'थांब्याला लागून प्लॉट'. आमचं शेत सगळ्यांत शेवटी गेलं. आई अंगठा देऊन आली आणि त्या दिवशी जेवली नाही. मला राग आला होता, अजूनही येतो. पण तो कुणावर काढायचा हे नकाशात दाखवलेलं नाही.

आता तिथे घरं आहेत, मोबाइलचं दुकान आहे, ब्यूटी पार्लर आहे. नकाशा अगदी तंतोतंत खरा ठरलाय. आम्ही उगाच त्याला चुकीचा म्हणत होतो.

परवा आईला दवाखान्यातून बसनं आणत होतो. कंडक्टर ओरडला, "चला, बांधीवाले उतरा." हो, थांब्याचं नाव त्यांनी आठवणीनं तेच ठेवलंय. आई खिडकीतून बाहेर बघत बसून राहिली.

"माय, उठ ना. आपला थांबा आला," मी म्हणालो.

"कायले उतरू? बांधी तं कोठीच दिसून नाही राहिली."

ती चेष्टा करत नव्हती. कंडक्टरनं थोडा वेळ वाट पाहिली आणि घंटी मारली. पुढच्या थांब्यापासून आमचं घर दुप्पट लांब पडतं. गुडघ्यांवर हात ठेवत ती तेवढं चालली, आणि वाटेत एकदाही बसली नाही.