मायचं जुनं मशीन

माझ्या मायनं जन्मभर अकोल्याच्या बाजारात भाजी विकली. आता दुकान भाऊ पाहतो, तरी ती रोज त्याच्या शेजारी जाऊन बसते. ऐकू न येणं तिला घरात चालायचं, दुकानात नाही. गेल्या उन्हाळ्यात गिऱ्हाईक मेथी मागायचं आणि ती कोथिंबीर पुढे करायची. भाऊ तिच्यावर ओरडायचा, ती त्याच्यावर, आणि संध्याकाळी दोघंही अमरावतीला मला फोन लावायचे, वेगवेगळे.

तिच्या कानाचं मशीन जुनं. आम्ही नवं घेऊन दिलं होतं. थोडे दिवस घालून तिनं ते कपाटात ठेवून दिलं.

"त्याच्यात सारे पत्र्याच्या डब्यातून बोलून राहिले असं वाटते. मले माह्यं जुनंच पाह्यजे."

जुन्याचा आवाज वाढवायचा तर ते संगणकाला जोडावं लागतं. तिचे कान तपासणाऱ्या मॅडमकडे त्याची केबल आणि प्रोग्रॅमची सीडी अजून होती. पण त्यांचा नवा संगणक ती जुनी केबल ओळखेना.

"तुम्ही कॉलेजात कॉम्प्युटर शिकवता ना?" त्या मला म्हणाल्या. "केबल चालेल असा एखादा घेऊन या. सेटिंग मी करून देते."

माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स आहे. त्याच्या कर्नेलला, म्हणजे प्रोग्रॅम आणि यंत्र यांच्यामध्ये बसून सगळा कारभार पाहणाऱ्या गाभ्याला, असल्या जुन्या केबली अजून कळतात. अडचण वेगळीच होती. प्रोग्रॅम विंडोजसाठी बनवलेला, तोही जुन्या बत्तीस-बिटच्या घडणीचा; आताचे संगणक चौसष्ट-बिटचे. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायची सोय असते, ती मी घालून घेतली आणि शनिवारच्या सकाळच्या बसनं अकोल्याला गेले. घरी तपासून पाहायचं त्राण आठवडाभराच्या तासांनंतर उरलं नव्हतं.

मॅडमच्या टेबलावर केबल लागली, दिवा पेटला. प्रोग्रॅम मात्र उघडेना. मशीन काढून ठेवल्यामुळे मायला आता काहीच ऐकू येत नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"झालं का वं?"

"नाही."

"आं?"

"नाही झालं!" मी ओरडले. बाहेर बाकावर बसलेली माणसं वळून बघायला लागली.

अमरावतीला परतल्यावर कारण सापडलं. माझ्या कर्नेलमध्ये बत्तीस-बिटच्या प्रोग्रॅमची सोय सुरक्षेसाठी बंद ठेवलेली होती. संगणक सुरू होताना एक ओळ दिली की ती चालू होते, असं वाचलं. ओळ दिली, काही झालं नाही. मग कळलं की हे कर्नेल बनवतानाच ती सोय गाळलेली आहे. म्हणजे ते नव्यानं बांधणं आलं. सेटिंगची यादी उघडली, हवं तिथे 'हो' केलं, केबलचा भाग राहिलाय ना ते पाहिलं आणि लॅपटॉपला त्या लांबलचक कामाला लावून कूलरसमोर पडून राहिले. अर्ध्यात वीज गेली. जुनी बॅटरी, लॅपटॉप विझला. वीज आल्यावर पुन्हा सुरू केलं. विद्यार्थ्यांना मी हे सगळं उत्साहानं शिकवते. त्या दुपारी मला फक्त झोपायचं होतं.

तेवढ्यात मायचा फोन.

"तू बोलू नको, मले आयकू येत नाही. मीच सांगतो. वांगे चांगले आले यंदा. भाऊ जेवला. तू जेवली असशीन. ठेवतो."

फोन ठेवून मी उठले. स्क्रीनकडे बघितलं. काम सुरूच होतं.

पुढच्या शनिवारी प्रोग्रॅम उघडला. मॅडमनी मशीन जोडलं, मायच्या कानात घातलं आणि आवाज थोडा थोडा वाढवत नेला. माय एकदम छताकडे बघायला लागली.

"पंखा वाजून राहिला."

"हो," मी हळूच म्हणाले.

"काहून इतकी थकली वं? आवाज पार बसला तुहा."

मॅडम पुढे झाल्या. डाव्या कानात आता फारसं काही उरलेलं नाही, उजव्यालाही यापुढे वाढवता येणार नाही, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"एक आहे ना? बस झालं. सारं बाजारातलं आयकून काय करा लागते?"

तिथून ती सरळ दुकानावर गेली. एक बाई पालक निवडता निवडता सोबतिणीला म्हणाली, "म्हातारी बहिरी दिसते."

"बहिरी असन तुही सासू," माय म्हणाली. "घ्यायचं असन तं घे."

भाऊ पोट धरून हसला. मीही हसले, पण माझे डोळे मिटत होते.

लॅपटॉप मी मॅडमकडेच ठेवला. तसलंच मशीन वापरणारी आणखी काही म्हातारी माणसं त्यांच्याकडे येतात. कर्नेल आपोआप बदलू नये म्हणून अपडेट बंद केलेत, तरी काही ना काही अडतंच, आणि मग फोन मला येतो. मी जाते. बसमध्ये जागा मिळाली तर झोपते. अकोला आलं की कंडक्टर उठवतो.